सासाकी सेन्सेईंचं ओलं कुंपण

सासाकी सेन्सेईंच्या, म्हणजे आमच्या जपानीच्या बाईंच्या, वर्गात कौतुक नावाचा प्रकार नव्हता. एखादं जपानी वाक्य घोकून घोकून पाठ करावं, न अडखळता म्हणून दाखवावं आणि आशेने त्यांच्याकडे पाहावं, तर त्या चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "हं. पुन्हा." दुसऱ्यांदा म्हटलं की, "हं. आता घाई न करता." जपानी माणूस तोंडावर कधी वाकडं बोलत नाही, असं मला पुण्याहून निघताना ज्यांनी ज्यांनी सांगितलं होतं, त्या सगळ्यांना एकदा आणून सेन्सेईंसमोर बसवावं असं मला फार वाटायचं.

फुनाबोरीच्या सार्वजनिक हॉलमधल्या एका खोलीत दर आठवड्याला त्या आम्हाला फुकट शिकवायच्या. आम्ही म्हणजे नवऱ्याच्या नोकरीपायी जपानला आलेल्या बायका. नवरे पाठीला लॅपटॉप लावून स्टेशनकडे पळाले की आम्ही पोरांना शाळेत सोडून तिथे जमायचो. सेन्सेई आमच्या आधी हजर असायच्या. ठेंगणी, काटक बाई. सत्तरी ओलांडलेली. शाळामास्तरकीतून निवृत्त झालेली. केस स्वतःच कात्रीने कापलेले, त्यामुळे एका बाजूला नेहमी थोडे जास्त लांब. बोलण्यात उत्तरेकडचा हेल होता. आम्हाला तो कुठला कळायला, पण हॉलच्या ऑफिसातली मुलगी त्यांचं बोलणं ऐकून हळूच हसायची, आणि सेन्सेई तिलाही म्हणायच्या, "हसून झालं का? मग किल्ली द्या."

त्यांचं शिकवणं पुस्तकातलं कमी आणि बाहेरचं जास्त. एकदा माझी कचऱ्याची पिशवी गाडीवाल्यांनी नेलीच नाही. वर लाल चिठ्ठी चिकटवून तशीच ठेवून दिली. शेजाऱ्यांसमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी वर्गात रडगाणं गायले, तर सेन्सेई म्हणाल्या, "पुढच्या वेळी पिशवी घेऊन या."

"कचऱ्याची?"

"मग कसली?"

मी खरंच नेली. त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, हातमोजे चढवले आणि एकेक वस्तू वर काढून विचारायला सुरुवात केली. आल्याची सालं, चहाचा चोथा, कढीपत्त्याच्या काड्या. प्रत्येक गोष्टीचं नाव आम्ही जपानीत सांगायचं आणि ती कुठल्या पिशवीत जाईल तेही. हसून हसून आमच्या पोटात दुखायला लागलं. शेवटी निघाली नारळाची करवंटी. सेन्सेईंनी ती हातात फिरवली, टेबलावर आपटून पाहिली. "हे फळ की लाकूड?" त्यांनी विचारलं. आम्हा सगळ्यांचं आयुष्य नारळ फोडण्यात गेलेलं, पण हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. त्यांनी तिथूनच कचऱ्याच्या ऑफिसला फोन लावला, बराच वेळ हुज्जत घातली आणि निकाल सांगितला, "जळणाऱ्या कचऱ्यात. पण फोडून." मग म्हणाल्या, "ही मात्र मी नेते. मातीत घातली तर किती वर्षं टिकते?"

मी म्हटलं, "कुणी बघितलंय, सेन्सेई?"

"बघायला हवं," त्या म्हणाल्या आणि करवंटी पिशवीत टाकली.

अशी ही बाई एका सकाळी सहज म्हणाली की पुढच्या आठवड्यापासून वर्ग बंद. गावी थोरली बहीण वारली होती आणि शेताला पाणी धरायला आता कुणी नव्हतं. आम्हाला वाटलं, पेरणी-लावणीपुरतं असेल, येतील परत. त्या म्हणाल्या, "परत नाही. पाणी बाराही महिने लागतं." बाराही महिने पाणी लागणारं हे कुठलं पीक, ते मला कळेना. माझं माहेर सांगोल्याकडचं, तिथे ऊससुद्धा इतका लाडावलेला नसतो. मी तसं म्हणाले, तर सेन्सेई म्हणाल्या, "पीक नाही. या, दाखवते."

बोलावणं तोंडदेखलं नव्हतं. मे महिन्यात त्यांचा फोन आला आणि नमस्कार-चमत्कार न करता त्यांनी आमच्या तिघांच्या पावलांची मापं विचारली. आम्ही शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, उत्तरेत अकिताच्या बाजूला उतरलो, तिथून एका रिकाम्या बसने त्यांच्या खेड्यात पोचलो, तेव्हा दारात गमबुटांचे तीन जोड ओळीने मांडलेले होते. मोठे माझ्या नवऱ्याचे, नितीनचे, मधले माझे, आणि आमच्या लेकीचे, ईराचे, बेडकाच्या रंगाचे. चहाबिहा नंतर. आधी शेत.

वाटेत सेन्सेईंनी काठीने एक बुटकं टेकाड दाखवलं. बाराशे वर्षांपूर्वी दक्षिणेकडच्या राजधानीतून सैन्य आलं, इथवर आलं आणि थांबलं. त्या टेकाडावर त्यांनी कोट बांधला, आणि खाली सपाटीवर लाकडाचे खांब एकाला एक चिकटवून कुंपण घातलं. कुंपणाच्या आत राजाचं राज्य. बाहेर रानटी लोक.

"आणि तुमचं घर?" मी विचारलं.

"बाहेर," सेन्सेई म्हणाल्या. "शेत मात्र बरोबर कुंपणावर."

आम्ही पाहिलं. भाताची खाचरं, त्यांत आभाळ, बेडकांचा गोंगाट, लांब कुणाचा तरी ट्रॅक्टर. कुंपण म्हणावं असं काडीभरही काही नव्हतं. आता आमच्या नितीनला कुठे गप्प बसावं ते कळत नाही. कंपनीच्या कामासाठी तो एकदा इंग्लंडला गेला होता, तेव्हा सुट्टीच्या दिवशी रोमन लोकांची सीमेवरची भिंत पाहून आला होता. त्या भिंतीचे फोटो आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला बघावे लागतात. तो म्हणाला, "सेन्सेई, तिथे सुद्धा असंच आहे, मेंढ्या आणि कुरणं. पण निदान दगडाची भिंत तरी दिसते. तिकीट आहे, दुकान आहे."

"भिंतीच्या पलीकडे कोण राहायचं?" सेन्सेईंनी विचारलं.

नितीनला ते आठवेना. "तिथे पाटीवर लिहिलेलं असणार," तो म्हणाला.

"मी पलीकडची आहे ना, म्हणून विचारलं," सेन्सेई म्हणाल्या, आणि तेवढ्यावर तो विषय सोडून त्यांनी आमची नखं तपासली. खरंच तपासली, शाळेत तपासतात तशी. मला अंगठी काढायला लावली. मग बांधाच्या एका कोपऱ्याशी नेऊन म्हणाल्या, "इथे गुडघे टेका. बाही वर. हात सरळ खाली."

मी चिखलात हात घातला. आधी कोमट पाणी, मग मऊ गाळ, मग गार, आणखी गार. कोपर गेलं, दंड गेला, गाल पाण्याला टेकला. आणि बोटांना लाकूड लागलं. रुतून बसलेला ओंडका नव्हे, उभा खांब, चौकोनी तासलेला, कडा अजून शाबूत. त्याच्या अंगावर तासणीच्या हत्याराचे टवके होते, एकाखाली एक, आणि माझं बोट त्या प्रत्येक खळग्यात नीट बसत होतं. त्या खांबाला चिकटून दुसरा होता. कुणीतरी माणसाने, घाम पुसत, बहुधा घरच्या आठवणीने वैतागत, हे घाव घातले होते. मध्ये बाराशे वर्षं गेली होती. मला हात बाहेर काढावासा वाटेना. नितीनची पाळी आली तेव्हा तोही इतका वेळ वाकून राहिला की ईराने त्याचा सदरा ओढला. त्यानंतर पाहुण्यांना फोटो दाखवताना तो थोडक्यात आटपतो.

सेन्सेईंनी मग सांगितलं. त्यांच्या आईच्या काळात नांगराला पहिला खांब लागला. संशोधक आले, त्यांनी मोजमापं घेतली आणि पुन्हा गाळ लोटून सगळं झाकून ठेवलं. पाण्याखाली हवा पोचत नाही म्हणून ते लाकूड टिकलं होतं. शेत कोरडं पडू दिलं, तर थोड्याच वर्षांत त्याचा भुसा होणार. टेकाडाची जागा सरकारने राखली, पण हा तुकडा त्या हद्दीबाहेरचा. म्हणून आईने पाणी धरलं, आईनंतर बहिणीने, आता सेन्सेईंनी. पाणी म्हणजे कायमचं. एरवी भात पिकत आला की खाचर कोरडं करतात आणि यंत्र आत घालून कापणी करतात. सेन्सेईंच्या शेतात यंत्राला बंदी. गुडघाभर गाळात उभं राहून विळ्याने कापायचं, पेंढ्या ओढत बांधावर आणायच्या. कापणी झाल्यावरही फळी लावून पाणी भरलेलंच ठेवायचं, हिवाळ्यात वर बर्फ धरेपर्यंत. भात येई जेमतेम. चव मात्र अशी की ईराने नुसताच भात दोनदा मागून घेतला.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, जपानला आले आणि मी हौसेने त्यांना तिथे घेऊन गेले. आप्पांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. कालव्याच्या पाळीवरून गावंच्या गावं भांडताना त्यांनी पाहिली. घरात नळ गळत असला तर त्यांना झोप लागत नाही. सेन्सेईंकडे पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी ते फिरायला म्हणून बाहेर पडले आणि न्याहारीच्या वेळी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, खुशीत परत आले.

"मुग्धा, सांग तुझ्या बाईंना. त्यांचं शेत वाचवलं मी. पीक काढलेलं, रान मोकळं, आणि पाणी आपलं फळीवरनं बदाबदा वाहतंय. बांध फुटला असता की! फळी उपसून टाकली, समदं पाणी काढून दिलं चरात."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. ईरा जवळ होती, तिने निष्पापपणे जपानीत भाषांतर करून टाकलं.

सेन्सेई उठल्या आणि तशाच बाहेर गेल्या. उंबऱ्याशी चपलेचं टोक जरा तिरकं राहिलं तरी ओरडणारी ही बाई मोज्यांवर, चिखलातून, पळत गेली. आम्ही मागे धावलो. शेतातलं पाणी बरंच उतरलं होतं, मधूनमधून गाळाचे उंचवटे उघडे पडले होते. सेन्सेई फळी खोबणीत बसवू पाहत होत्या, पण ती सारखी निसटत होती. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी आप्पांना काय झालंय ते भराभर सांगितलं. खांब, बाराशे वर्षं, ओल. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला.

मग ते शेतात उतरले. "सरका बाई," मराठीतच म्हणाले, आणि सेन्सेई खरंच सरकल्या. आप्पांनी फळी बसवली, चिखलाचे गोळे केले, त्यात पेंढा मळला, फटीत कोंबून टाचेने दाबला. आमच्याकडे दारं धरताना, म्हणजे पिकाला पाणी देताना, करतात तसं. सेन्सेई बघत राहिल्या. मग त्यांनीही पेंढा घेतला आणि तसाच गोळा वळला. त्यांचा गोळा आप्पांनी हातात घेऊन पाहिला, मान हलवली आणि मोडून पुन्हा वळून दाखवला. कौतुक नाही. मला त्या स्थितीतही हसू आलं. पाणी चढून सगळा गाळ झाकला जाईपर्यंत दोघं बांधावर बसून होती. एकाला दुसऱ्याचा एक शब्द कळत नव्हता.

नंतर सेन्सेईंनी आप्पांना अंगठी काढायला लावली आणि त्यांना कोपऱ्यावर नेलं. आप्पा वाकले, हात आत गेला, आणि ते तसेच राहिले. वर आले तेव्हा त्यांनी तो चिखलाचा हात कपाळाला लावला.

"पाण्याच्या एका पाळीपायी मी लोकांना डोकी फोडताना बघितलंय," ते म्हणाले. "आणि ही बाई लाकडाला पाणी पाजतीया. ते पण कुणाच्या? ज्यांनी हिच्या माणसांना बाहेर काढलं, त्यांच्या. विचार तिला, का म्हणून?"

मी विचारलं. सेन्सेई ओले मोजे पिळत म्हणाल्या, "लहानपणी मीही आईला हेच विचारलं होतं. ती म्हणाली, आधी बांध लिंपून ये, मग सांगते. मग सांगायचं राहूनच गेलं." थोड्या वेळाने त्या एवढंच म्हणाल्या, "कुंपण घालणारे गेले, त्याच्या बाहेरचेही गेले. दोघांनी शिवलेलं असं हे एवढंच उरलंय."

त्या वर्षानंतर प्रश्न एकच होता, आणि सेन्सेई तो फोनवर उघड बोलून दाखवायच्या. गुडघे संपले होते. गाळातून पाय उपसायला काठी लागायची. त्यांच्यानंतर पाणी कोण धरणार? त्यांना मूलबाळ नव्हतं. सेन्दाई शहरातल्या भाच्याला शेत विकायचं होतं. एकदा त्यांनी नितीनला फोनवर घेतलं. "तुम्ही लोक घरून काम करता ना? मग घर इथे असलं तर काय बिघडलं?" नितीन हसला, आणि पलीकडून हसू येत नाही म्हटल्यावर गप्प झाला. नंतर काही दिवस तो तिथल्या शाळा शोधत होता. जवळची शाळा मुलं नाहीत म्हणून बंद पडली होती. आप्पांनी तर सांगोल्याहून विचारलं, "दारं धरायला व्हिसा देत्यात का गं?" विचारणारा अगदी गंभीर होता.

शेवटी प्रश्न सुटला तो वेगळ्याच बाजूने. सेन्सेईंच्या शेताला लागून एन्दो-सान नावाच्या शेतकऱ्याचं सोयाबीन होतं. सेन्सेईंचं पाणी झिरपून त्याच्या रानात जायचं आणि मुळं कुजायची. तो दर वसंतात येऊन तक्रार करायचा आणि दर हिवाळ्यात सफरचंदांची पेटी आणून द्यायचा. बहिणीच्या काळापासून वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. मग त्याचा मुलगा शहरातली नोकरी सोडून बायको आणि तान्ह्या बाळासह गावी परतला. त्याला सोयाबीनवरच पोट भरायचं होतं.

सेन्सेईंनी मला फोनवर सांगितलं, "आज एन्दोच्या अंगणात बाळाचे कपडे वाळत घातलेले पाहिले. या गावात असं काही शेवटचं कधी पाहिलं, आठवत नाही." मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "मी संशोधकांना कळवलंय. खांब काढून न्या म्हणून. मग शेत सुकलं तरी चालेल."

मला धक्काच बसला. ती मंडळी गेली कित्येक वर्षं हेच मागत होती. खांब काढून, औषधात मुरवून, जतन करायला ती तयार होती, आणि आधी बहीण, मग सेन्सेई त्यांना चहा पाजून नकार द्यायच्या. उभं आहे तोवर ते कुंपण, काढलं की नुसतं लाकूड, असं त्यांचं म्हणणं. "सेन्सेई, नक्की ना?" मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "पण ते बाळ नक्की आहे."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच कामाच्या अखेरच्या दिवशी. त्यानंतर फोन झाले, भेट झाली नाही.

आम्ही तिघं पोचलो तेव्हा एकच खांब उरला होता, कोपऱ्यावरचा. बाकीच्यांच्या जागी पाण्याने भरलेले खड्डे होते. पंप धडधडत होता. सेन्सेई स्टुलावर बसल्या होत्या, मांडीवर ओल्या कापडाचा गठ्ठा, हातात झाडांवर पाणी मारायची बाटली. प्रत्येक खांबाच्या वेळी आपण हजर राहणार, एवढीच त्यांची अट होती. काम सुरू झाल्यापासून त्या रोज तिथे होत्या.

क्रेनचे पट्टे खांबाभोवती आवळले गेले, आणि तो हळूहळू वर यायला लागला. मी आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं. मला वाटलं होतं, काळं, कुजकट काहीतरी निघेल. निघालं ते पिवळसर, उजळ, नुकतं सुताराच्या हाताखालून आल्यासारखं लाकूड. माझ्या बोटांना ओळखीचे असलेले ते घाव आता डोळ्यांना दिसले, उन्हात, ओलेगच्च. आणि आमच्या डोळ्यांदेखत त्याचा रंग बदलायला लागला. हवा लागली तिथे आधी तपकिरी, मग काळसर, एका कडेने चढत चाललेला.

"लवकर!" सेन्सेई ओरडल्या आणि काठी टाकून त्या खांबाशी पोचल्यासुद्धा. कापडं लपेटली, पाणी मारलं, पुन्हा कापड. संशोधकांतली एक तरुण बाई त्यांना बसा म्हणत होती, त्यांना ते ऐकूच जात नव्हतं.

बांधावर एन्दो-सान आणि त्यांचा मुलगा टोप्या काढून उभे होते. मुलगा पुढे आला आणि कमरेत पार वाकला, कितीतरी वेळ. सेन्सेई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "सोयाबीन नीट आलं नाही, तर माझ्याशी गाठ आहे."

खांब छोट्या ट्रकवर चढवला. ड्रायव्हरने पुढचं दार उघडून सेन्सेईंना बसायला सांगितलं. त्या मागे गेल्या आणि फळकुटावर पाय देऊन वर चढायला लागल्या. ड्रायव्हर घाबरला, माणसाने मागे बसायचं नसतं म्हणाला. "माल सांभाळायला एक माणूस बसलेला चालतो. कायदा आहे," सेन्सेई म्हणाल्या. त्याने त्या तरुण बाईकडे पाहिलं, तिने मान डोलावली. नितीनने हात दिला, आणि त्या वर जाऊन खांबाशेजारी मांडी घालून बसल्या.

ट्रक निघाला. कच्च्या रस्त्यावरून तो अगदी सावकाश चालला होता. मी हात हलवला. ईराने "सेन्सेई!" म्हणून मोठ्याने हाक मारली. त्यांनी वर पाहिलं नाही. खड्ड्याच्या हिसक्याने कापड एका बाजूने सरकलं होतं, आणि त्या दोन्ही हातांनी ते नीट करत होत्या.